पुन्हा वाचणारा

‘सध्या नवीन काय वाचताय?’ हा प्रश्न पुन्हा वाचणाऱ्याला विचारू नये. तो गडबडतो, चष्मा पुसतो आणि हळूच म्हणतो, “बनगरवाडी.” व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ सालची. “अहो, ती तर तुमची वाचून झालीय ना?” “हो, म्हणूनच तर!”

याच्या घरी पुस्तकांचं कपाट एकच, पण आवडत्या कादंबऱ्यांच्या प्रती दोन-दोन. एक वाचायची, एक द्यायची. वाचायच्या प्रतीला खाकी कव्हर आणि खूण म्हणून आत पीएमटीचं जुनं तिकीट. द्यायच्या प्रतीवर पहिल्या पानावर नाव, १७व्या पानावर पुन्हा नाव. कोणी पहिलं पान फाडलंच, तर पुरावा असावा म्हणून.

वाचायच्या प्रतीतले समास पाहण्यासारखे असतात. कॉलेजात असताना ‘कोसला’तल्या एका परिच्छेदासमोर याने पेन्सिलीने ‘वा!’ लिहिलं. पुढे मुलगा शिकायला होस्टेलवर गेला, त्या वर्षी त्याखाली शेरा पडला, ‘वा काय? पैसे पाठवणाऱ्या बापाला विचारा!’ नेमाड्यांचा मजकूर १९६३पासून आहे तसाच आहे. हा मात्र कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर याच्या पक्षातून फुटून त्याच्या वडिलांच्या पक्षात गेला. नातू झाल्यावर तिसरा शेरा आला, ‘दोघांचंही बरोबर.’

‘बनगरवाडी’त शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, गाव उठतं. हे त्याला पाठ आहे. तरी शेवटची काही पानं उरली की जीव खालीवर होतो. बायको स्वयंपाकघरातून ओरडते, “अहो, जेवून घ्या. या खेपेलाही पडणार नाहीये पाऊस!”

रविवारी सकाळी मित्रमंडळी अमृततुल्यात जमतात, तिथे याला खरा रंग चढतो. ‘जैत रे जैत’ सिनेमाचा विषय निघाला की बाकीचे महानोरांच्या आणि हृदयनाथांच्या नावाने गुणगुणायला लागतात. कादंबरी गोनीदांची, हे यालाच सांगावं लागतं. १९७९च्या ‘सिंहासन’बद्दल मंडळी लागू, निळूभाऊ, अरुण सरनाईक करत असतात, तेवढ्यात हा कप खाली ठेवतो. म्हणजे आता व्याख्यान.

“हा सिनेमा एका नाही, दोन कादंबऱ्यांवर आहे. ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’. दोन्ही अरुण साधूंच्या.”

“मागच्या रविवारीही सांगितलंस.”

“सांगितलं, पण तुम्ही वाचल्यात कुठे?”

मंडळींतला सिनेमावाला चिडतो. “अरे, दोन-अडीच तासांत सगळं कळतं. एवढी पानं कशाला वाचायची?”

“मग लग्नाला कशाला जातोस? नुसता अल्बम बघत जा!”

अमोल पालेकरांचा ‘बनगरवाडी’ आला, तेव्हा हा कित्येक दिवस थिएटरकडे फिरकला नाही. कादंबरीतल्या मास्तरांचा आपल्या डोक्यातला चेहरा बदलेल, ही धास्ती. अखेर टीव्हीवर पाहिला, मांडीवर पुस्तक उघडं ठेवून. कसा वाटला, विचारलं तर म्हणाला, “बरा आहे.” याच्याकडून सिनेमाला मिळणारे हे सर्वाधिक गुण.

नवं पुस्तक तो अजिबात वाचत नाही, असं नाही. कोणी भेट दिलं तर नाइलाजाने, भराभर, परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखं उरकतो. शेवटचं पान मिटलं की चेहरा खुलतो. “चला, शेवट कळला एकदाचा. आता निवांत वाचता येईल!”

मंडळी त्याची यथेच्छ टिंगल करतात. पण कोणत्या कादंबरीत कोण कुणाला काय म्हणालं यावरून पैज लागली, की रात्री साडेदहालाही फोन त्यालाच जातो. तो पान क्रमांकासकट उत्तर देतो, आणि मग आलंच आहे हातात म्हणून ते पुस्तक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ढीगभर पुस्तकं वाचल्याचं सांगणारे गावोगाव भेटतात. वाचलेलं लक्षात ठेवणारा मात्र दहा जणांत एखादाच, आणि तो बहुधा हाच असतो.

तुमच्या ओळखीत असा कोणी असेल, तर त्याच्याकडची ‘द्यायची प्रत’ जरूर मागून आणा. फक्त वेळेवर परत करा. पुस्तक तो पुन्हापुन्हा वाचतो, तसाच तगादाही पुन्हापुन्हा लावतो.