रविवारचं कालवण बुधवारपर्यंत कसं न्यावं

मासे खाणाऱ्या घराने आधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहावं. रविवारी बांगड्याचं कालवण उरलं, की सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा. डबा उघडायचा मुहूर्त थेट बुधवारी, आणि गुरुवार पुन्हा आडवा. शिजवलेली मासळी फ्रिजमध्ये, ४ अंश सेल्सियस किंवा त्याखाली, तीन ते चार दिवस टिकते असं अन्नशास्त्र सांगतं. म्हणजे देव आणि शास्त्र यांचं बुधवारवर एकमत आहे. मतभेद फक्त आमच्या काकांचा.

काका हे घरातलं अधिकृत नाक. डब्याचं झाकण किलकिलं करायचं, डोळे मिटून श्वास ओढायचा आणि निकाल द्यायचा : "काय एक जाऊक नाय, हाड हकडे!" या निकालावर अपील नाही. शुक्रवारचा डबाही याच निकालाने सुटतो.

नियम पहिला. कालवण चुलीवरून उतरल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. मे महिन्यात, पारा ३२ च्या वर असेल तर एका तासात. तोप परातभर पाण्यात ठेवला की लवकर निवतो, शिवाय मुंग्या लागत नाहीत. मग पसरट डब्यांत थोडं थोडं काढावं. 'पूर्ण गार झाल्याशिवाय ठेवू नये, फ्रिज बिघडतो' म्हणून ओट्यावर रात्रभर तोप ठेवणाऱ्यांचा फ्रिज शाबूत राहतो, पोटाचं सांगता येत नाही.

नियम दुसरा : उष्टी पळी डब्यात बुडवू नये. बुडवणारा कोण, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं.

नियम तिसरा कढाचा. हवं तेवढंच काढावं आणि खदखदून उकळावं, तुकडीच्या पोटातही वाफ गेली पाहिजे. काकांना कोमट आवडतं. कोमट जंतूंनाही आवडतं. फ्रिज नव्हता तेव्हा काय करत होते, हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. तेव्हा कढ देत, आटवत आणि सकाळी न्याहारीला संपवत. गोव्यात आटवलेल्या कालच्या कडीला मान आहे तो उगीच नाही. पण ती कालची. परवाची कडी कोणी मागत नाही.

आता लक्षणं. आधी विटतं ते खोबऱ्याचं वाटप. रश्श्यावर बारीक बुडबुडे, फेस, सोलांच्या आंबटपणाहून वेगळा आंबूस वास, पळी उचलली की तार, तुकडी बुळबुळीत : यातलं एक दिसलं तरी पुरे, चव घेऊन खात्री करू नये. वर पांढरा थर दिसला म्हणून मात्र घाबरू नका. ते थंडीने थिजलेलं खोबऱ्याचं तेल, गरम केलं की विरघळतं. मोरीला ताजेपणीही अमोनियाचा वास येऊ शकतो, तिथे मोठमोठी नाकं फसतात.

आणि बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांच्या बाबतीत तर नाकाचा भरवसाच नको. कच्ची मासळी उष्म्यात पडून राहिली की तिच्यात हिस्टामीन तयार होतं. त्याला वास असेलच असं नाही, ते उकळून जात नाही, फ्रिजमध्येही कमी होत नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड चुरचुरतं, चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं. असं झालं तर डॉक्टर गाठावा. म्हणून उरलेल्या कालवणाची काळजी बाजारातच सुरू होते, आणि इथे काकांना मानलंच पाहिजे. कल्ले उचलून लाली पाहणार, डोळा पाणीदार नसेल तर कोळणीशी भांडणार, आणि बांगडे बर्फात घातले की वाटेत चहालाही थांबणार नाहीत. आमचं रविवारचं कालवण बुधवारी खाण्याजोगं असतं ते त्यांच्या या घाईमुळे, त्यांच्या नाकामुळे नव्हे. हे त्यांना सांगायची सोय नाही.

बुधवारी दुपारच्या जेवणानंतर डब्यात जे राहील ते टाकून द्यावं, मांजरालाही घालू नये. काकांनी विचारलं, तर संपलं म्हणून सांगावं.