प्रत्यक्ष खेळातील दृश्ये नाहीत

आगामी व्हिडिओ गेम आणि कन्सोल यांवर मत द्यायचा अधिकार नक्की कुणाला, यावरून हल्ली पोरांमध्ये कडाक्याचे वाद होतात. एका गटाचं म्हणणं, ज्याच्या घरी कन्सोल आहे त्यानंच बोलावं. दुसऱ्याचं म्हणणं, ज्यानं आधीचा भाग शेवटपर्यंत खेळलाय त्यानं. आम्हाला दोन्ही अटी अमान्य आहेत. जी वस्तू अजून बाजारातच आलेली नाही, तिच्याबद्दल बोलायला घरात दुसरी कुठली वस्तू कशाला हवी? इथं लागतो तो घोषणा ऐकण्याचा सराव. आणि त्या बाबतीत पुणे-नगर रस्त्यावर, शिक्रापुरात हयात काढलेल्या माणसाचा हात धरील असा गेमर अमेरिकेत अजून जन्माला यायचाय.

पुणे ते शिरूर उन्नत मार्गाचंच घ्या. आधी दुमजली म्हणून ऐकला, मग तीन मजली म्हणून ऐकला. मजले वाढत गेले, आम्ही तळमजल्यावरच राहिलो. आता कागदावर सुमारे ५४ किलोमीटर लांबी आहे, साडेसात हजार कोटींच्या घरातला खर्च आहे, मंजुऱ्या आहेत आणि मुख्य म्हणजे संकल्पचित्र आहे. काय ते चित्र! पांढराशुभ्र पूल, दोन्ही अंगांना हिरवीगार झाडं, वर मोजून चार गाड्या, त्याही एकमेकींपासून अदबीनं अंतर राखून चाललेल्या. एकही कंटेनर नाही. उलट्या दिशेनं येणारा दुचाकीवाला नाही. उसाची ट्रॉली तर औषधालाही नाही. गेम कंपन्या असलं चित्र दाखवतात तेव्हा खाली बारीक अक्षरांत लिहितात, की ही प्रत्यक्ष खेळातील दृश्ये नाहीत. आमच्याकडं तेवढी बारीक अक्षरं छापायची पद्धत अजून आलेली नाही.

अशा शाळेत शिकलेल्या माणसाला ‘जीटीए ६’ या गेमची तारीख पुढं गेल्याचं दुःख काय होणार? पाचवा भाग आला १७ सप्टेंबर २०१३ ला. तेव्हा पाळण्यात असलेलं पोर आज काकाला मोबाइलची सेटिंग शिकवतंय. सहाव्याचा दीड मिनिटाचा ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला, त्यात साल लिहिलं होतं २०२५. मग तारीख पडली २६ मे २०२६. मग १९ नोव्हेंबर २०२६. कारण काय, तर खेळाला आणखी सफाई द्यायची आहे. हे वाक्य आमच्या ओळखीचं आहे. काम दर्जेदार व्हावं म्हणून वेळ लागतोय, असं खड्ड्याशेजारी उभं राहून सांगणारे ठेकेदार आम्ही पाहिलेत. फरक एवढाच की हा गेम बनवणारे रॉकस्टारवाले निदान माफी मागतात.

या तारखेबद्दल आमचं मत विचाराल तर नोव्हेंबर मेपेक्षा केव्हाही चांगला. मे म्हणजे लग्नसराई. रोज कुठल्या ना कुठल्या मंगल कार्यालयात हजेरी, वरून उन्हाळ्यात लाइटीचा भरवसा नाही. नोव्हेंबरात दिवाळी उरकलेली, कंपनीचा बोनस खात्यात पडून अजून संपायचा, आणि १९ तारीख म्हणजे कार्तिकी एकादशीच्या आसपास. अमेरिकेत बसून कुणीतरी पंचांग पाहिलं असणार, अशी आम्हाला दाट शंका आहे.

शिवाय या गेममध्ये जुन्या भागातली व्हाइस सिटी पुन्हा यायचीय. ती आमच्या पिढीला पाठ आहे. शिरूरच्या सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून आम्ही ती पालथी घातली. मिशन कुणी खेळायचं नाही, सगळे कोडवर. ‘पँझर’ टाइप केलं की आभाळातून रणगाडा हजर. ‘लीव्ह मी अलोन’ टाइप केलं की मागं लागलेले पोलीस जागच्या जागी निवळायचे. हा दुसरा कोड तालुक्यातल्या काही मोजक्या मंडळींकडं अजूनही चालतो, तोही संगणकाशिवाय.

गेमवाल्यांना लीकची मोठी भीती. ‘जीटीए ६’च्या पहिल्या ट्रेलरचंही तेच झालं. तो ठरल्या वेळेआधीच कुणीतरी फोडला, मग कंपनीनं घाईघाईनं स्वतःच सोडला. जगभर हलकल्लोळ. आमच्याकडं लीक इतकी गाजावाजानं होत नाही. रस्त्याची आखणी जाहीर व्हायच्या आधी त्या बाजूची चार गुंठे जमीन बाहेरचा कुणीतरी गुपचूप घेऊन जातो. आमच्याकडं लीक सातबाऱ्यावर दिसते.

आता कन्सोलकडं वळू. प्लेस्टेशन ५ भारतात आला २ फेब्रुवारी २०२१ ला, किंमत ४९,९९० रुपये. पुढं तो ५४,९९० झाला. जगात वस्तू जुनी झाली की स्वस्त होते, ही आमची भाबडी समजूत सोनीनं दूर केली. एकेक नवा गेम पाच हजारांच्या आसपास. बाजार समितीतून कांद्याची पट्टी घेऊन आलेल्या बापापुढं हा आकडा उच्चारायला जे धैर्य लागतं, ते कुठल्याही गेममधल्या नायकाकडं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये जगात प्लेस्टेशन ५ प्रो आला, भारतात नाही. कारण त्याचं वायफाय ६ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतं आणि त्या लहरींना आपल्याकडं तेव्हा परवानगी नव्हती. आम्हाला हे कारण मनापासून पटलं. टीव्ही आमच्या शेजारच्या रांजणगावात एलजीच्या कारखान्यात बनतो, पण त्याला जोडायचा डबा सरकारी लहरीवर अडला. लहर कुणाची आणि अडलं कुणाचं, हा प्रश्न इथं सगळ्याच खात्यांना लागू आहे.

एक्सबॉक्सचं तर काय सांगावं. ज्या ‘हॅलो’ गेमच्या जिवावर त्यांनी २००१ पासून घर चालवलं, तोच ‘हॅलो’ आता प्लेस्टेशनवर येणार असं त्यांनीच ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. तिकडं चाहत्यांनी रडून गोंधळ घातला. महाराष्ट्रात जन्मले असते तर आधी मूळ पक्ष कुणाचा आणि चिन्ह कुणाकडं एवढंच विचारून गप जेवायला बसले असते. इथं गेमिंगला राजाश्रय नाही, ही तक्रारही आम्ही ऐकून घेणार नाही. जुलै २०२५ मध्ये खुद्द विधिमंडळात कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसली. आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेला खेळ बंद करत होतो, असं माणिकराव कोकाटे यांनी सांगितलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्याकडं क्रीडा खातं आलं. यापेक्षा मोठी पातळी कुठल्या गेममध्ये इतक्या झटपट वाढते, आम्हाला दाखवा.

पण खरा अभ्यास झाला तो निन्टेन्डोच्या स्विच २ वर. २ एप्रिल २०२५, संध्याकाळी साडेसहा. तिकडं जपानी कंपनी तासाभराचा सोहळा थेट दाखवत होती, इकडं पुतण्या आणि मी शिक्रापूरच्या चाकण चौकात होतो. रांजणगावची शिफ्ट सुटलेली, चाकणहून आलेले कंटेनर आडवे, पाबळच्या बाजूनं दुधाच्या गाड्या. गाडी मी चालवत होतो, म्हणजे ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो. पुतण्यानं मोबाइल डॅशबोर्डला टेकवला. डाव्या काचेबाहेर एक ट्रेलर, डॅशबोर्डवर दुसरा. दोन्हींत हालचाल म्हणाल तर डॅशबोर्डवरच्यातच.

“काका, ह्याच्या रिमोटचा माऊस होतो. टेबलावर घासायचा नुसता.”

“बरं.”

“मारिओ कार्टमध्ये एका वेळी चोवीस जण. रस्ता सोडून कुठंबी गाडी घाला.”

“ते इथं चोवीस जण करतायतच की. उजवीकडं बघ.”

पोरानं काही बघितलं नाही. सोहळा संपला तेव्हा आम्ही पाबळ चौकही गाठला नव्हता. तासभर सगळं सांगितलं, फक्त किंमत सांगितली नाही. ती नंतर वेगळी कळवली. ४४९.९९ डॉलर, आणि मारिओ कार्टचे ७९.९९ डॉलर वेगळे. मी विचारलं, आपल्याकडं कधी येतोय? पुतण्या अगदी शांतपणे म्हणाला, “येत न्हाई काका. निन्टेन्डो भारतात अधिकृत विकतच न्हाई. बाहेरनं मागवायचा, न्हाईतर ग्रे मार्केट.” म्हणजे जी वस्तू आपल्याला विकायचा कंपनीचा विचारच नाही, तिची किंमत सोडून सगळी माहिती त्यानं तासभर डोळ्यांची पापणी न लववता घेतली होती. मला भरून आलं. असा नागरिक घडवायला आमच्या रस्त्याला किती वर्षं खपावं लागलंय!

त्या सोहळ्याच्या जोडीला आणखी एक शोध कळला, त्याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. स्विच २ च्या काही कार्डांमध्ये गेमच नसतो. कार्ड म्हणजे नुसती किल्ली. ते लावायचं आणि अख्खा गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. नव्वदच्या दशकात आम्ही टीव्ही गेमची कॅसेट आणायचो. वर लिहिलेलं असायचं ‘९९९९९९९ इन १’. लावली की काँट्रा, मारिओ, रणगाडे आणि एक बदकांचा, हे चारच खेळ नाव बदलून पुन्हा पुन्हा. तरी चार होते. नाही चालली तर काढायची, खालच्या खाचेत जोरात फुंकर मारायची, की पुन्हा तजेलदार. आता सगळं इंटरनेटवर. फुंकर मारायला जागाच ठेवलेली नाही, आणि टॉवरवर चढायला आमचं वय राहिलं नाही.

तुम्ही म्हणाल, परदेशी कंपन्यांचं सोडा, आपल्या पुण्यात काय चाललंय ते बघा. बघतो की. शिक्रापूरपासून पुणं चाळीसेक किलोमीटर, रात्री दोन वाजता निघालं तर तासाभरात. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी’ नावाचा सुरेख गेम काढला. राजी ही एक मुलगी, पळवून नेलेल्या भावाला शोधायला निघालेली. त्यात राजस्थानी वाडे, भिंतींवर चित्रकथा. आधी लोकवर्गणी मागून पाहिली, ती फसली. तरी मंडळींनी नेट सोडला नाही आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला. आला कुठं सगळ्यात आधी? निन्टेन्डो स्विचवर. म्हणजे पुण्यात बनलेला गेम पहिल्यांदा खेळायचा तर पुण्यात अधिकृत न मिळणारं यंत्र हवं. असं नियोजन आपल्या मातीतच सुचू शकतं. पुण्याच्याच सुपरगेमिंगनं ‘इंडस’ २०२२ मध्ये जाहीर केला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये लोकांच्या हातात दिला. दोन वर्षांत! आमच्या भागात ही बातमी कुणी खरी मानली नाही.

मात्र आमच्या मनाला लागलेला घाव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा आहे. युबिसॉफ्टचा हा गाजलेला जुना गेम नव्यानं करायचं काम त्यांच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडं आलं. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रेलर झळकला, तारीखही लागली, २१ जानेवारी २०२१. जगानं ट्रेलर पाहिला आणि चित्रं जुनाट म्हणून नाकं मुरडली. मग तारीख मार्चवर गेली. मग तारीखच गेली. २०२२ मध्ये काम पुण्याहून उचलून कॅनडात माँट्रिअलला नेलं. आमचं विमानतळही असंच. चाकणला होणार म्हणून पोरांची लग्नं ठरली, जमिनीचे भाव ठरले आणि २०१६ मध्ये ते पुरंदरला गेलं. पण विमानतळ निदान तालुका बदलूनही जाहीर तरी आहे. राजपुत्राचं नशीब तेवढंही नाही. पहिल्या तारखेला पाच वर्षं झाली तोच, जानेवारी २०२६ मध्ये, कंपनीनं गेम रद्दच करून टाकला. इथं आमचा कंपनीशी तात्त्विक मतभेद आहे. रद्द कशाला करायचा? प्रस्ताव विचाराधीन ठेवायचा, दर निवडणुकीला एक नवं संकल्पचित्र काढायचं. माणसं आशेवर कितीही वर्षं टिकतात, हे आमच्या तालुक्यात येऊन कुणीही तपासून घ्यावं.

पुतण्याचा मात्र विश्वास अढळ आहे. त्यानं ‘जीटीए ६’साठी कारखान्यात आत्ताच रजेचा अर्ज टाकलाय, १९ नोव्हेंबरपासून चार दिवस, कारण ‘घरगुती कार्य’. सुपरवायझर साहेब रोज चाकणहून येतात, तेव्हा घोषणांच्या बाबतीत त्यांचाही हात चांगला बसलेला आहे. त्यांनी अर्ज नामंजूर केला नाही. नुसता समासात शेरा मारला: ‘कार्याची तारीख पुढे गेल्यास नव्याने अर्ज करावा.’