आजी शून्य पिढीची

आमच्या भाऊजींना कुठलीही वस्तू नुसती आवडत नाही. आधी तिचं घराणं कळावं लागतं. बासुंदीची वाटी पुढे केली तर म्हैस कुठली ते विचारतील. आंब्याची पेटी आली की फळ नाकाशी धरण्याआधी पेटीवरची अक्षरं वाचतात. 'देवगड' दिसलं की संपलं. आतला आंबा रात्रभर ट्रकमध्ये बसून कर्नाटकातून आलेला असला, तरी भाऊजींना तो देवगडचाच लागतो. सोयरीक जमवताना मुलगा काय करतो, हा त्यांचा पाचवा प्रश्न. पहिले चार मामाकडचे.

तर २०१७ च्या डिसेंबरात भाऊजींनी मांजर घेतलं. पुण्यात, चौथ्या मजल्यावर, ताईला मांजराच्या केसांची ॲलर्जी असताना. पण हे मांजर केस गाळणारं नव्हतं. व्हँकुव्हरच्या एका कंपनीने नोव्हेंबरअखेरीस 'क्रिप्टोकिटीज' नावाचा खेळ काढला होता. मांजर म्हणजे इथेरियमच्या ब्लॉकचेनवरची एक नोंद, आणि बघायला एक बटबटीत डोळ्यांचं चित्र. हौशी लोकांची पहिल्याच आठवड्यात अशी झुंबड उडाली की इथेरियमवरचे इतर व्यवहार तुंबले. त्यातलं सगळ्यात मानाचं 'जेनेसिस' मांजर तर लाखभर डॉलरच्या वर गेलं.

भाऊजी भुलले ते किमतीला नाही, पिढीला. इथे दोन मांजरांची जुळवणी केली की पिल्लू होतं, आणि प्रत्येक मांजराला पिढीचा आकडा असतो. शून्य पिढीची मांजरं कंपनीने स्वतः सोडलेली. त्यांना आई नाही, बाप नाही, स्वयंभू. आणि भाव त्यांनाच! जन्मभर 'हा कोणाचा कोण' विचारत आलेले भाऊजी, जे कोणाचंच नाही अशा मांजरापुढे हात जोडून उभे राहिले.

ते परवडेना. मग परदेशातला एक विक्रेता भेटला. मांजर राखाडी, जरा पेंगुळलेलं. "पण आजी शून्य पिढीची," तो म्हणाला, "आणि अंगात दुर्मीळ रंग दडलाय." हे दडण्याचं प्रकरण मोठं सोयीचं आहे. प्रत्येक गुणासाठी मांजराकडे चार जनुकं असतात. एक चित्रात दिसतं, तीन दिसत नाहीत. विक्रेत्यांची सगळी रसवंती त्या तिघांवर.

"भाऊजी, नोंद बघितलीत का? आईबाप, पिढी, सगळं एका टिचकीवर दिसतं."

"अरे, भल्या माणसाकडे पुरावा मागायचा नसतो."

भाऊजींचे आजोबा सांगोल्याच्या बाजारात खिलार बैल घ्यायचे. जबडा उघडून दात मोजायचे, अंगावरचे भोवरे बघायचे, चार पावलं चालवायचे आणि मग कुठे उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवायचे. नातवाने इथेरियमच्या चलनात अर्धा ईथर मोजला. त्या आठवड्याच्या भावाने वीसेक हजार रुपये.

विक्रेता खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. आजी खरोखरच शून्य पिढीची होती! फक्त पिल्लाची पिढी मोजताना आईबापांत ज्याचा आकडा मोठा, त्यात एक मिळवतात. बाप तेराव्या पिढीतला, म्हणून भाऊजींचं मांजर चौदावं. मुलाचे मामा कलेक्टर असतातच, त्यात फसवणूक कसली? शिवाय या जातीत नर-मादी हा भेदच नाही. आज आई झालेलं मांजर उद्या दुसरीकडे बाप म्हणून उभं राहतं. तेव्हा ती आजी कुठे कुठे आजोबा होती, कोण जाणे. शून्य पिढीचं नवं मांजर एका जुळवणीनंतर मिनिटभरात पुन्हा तयार होतं. आमच्या चौदाव्याला चार तास लागायचे. "राजेशाही विश्रांती," भाऊजी म्हणाले.

त्याच भल्या माणसाकडून त्यांनी दुसरं मांजर घेतलं. "हिचं घराणं अगदी वेगळं," असं त्याने बजावून सांगितलं होतं. रंग वेगळा, डोळे वेगळे. रविवारी सकाळी चहा घेऊन आम्ही जुळवणीला बसलो. ताईने, जरा उपहासाने का होईना, पेढ्यांचा पुडा आणून ठेवला होता. जुळवणी होईना. पुन्हा केली, पुन्हा नकार.

शेवटी मी वंशावळ उघडली. दोघांची आई एकच. या खेळाच्या नियमांतच आहे: आईबाप आणि पिल्लू यांची जोडी लागत नाही, सख्ख्या-सावत्र भावंडांचीही नाही.

मी भाऊजींकडे बघायचं टाळत होतो. वीस हजार अधिक दुसऱ्याचे किती, हे ताई बोटांवर मोजायला लागली होती. भाऊजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला आणि पडद्यावरचा नकार पुन्हा एकदा नीट वाचला.

"बघितलंस?" ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "सगोत्र चालत नाही त्यांच्यात. मी उगाच म्हणत नव्हतो, घराणं चांगलं आहे म्हणून."

आणि त्यांनी पेढा उचलला.