जिचिन्साई: मातोश्रींच्या शंकेचे सविस्तर निरसन

ती. मातोश्री व ती. बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

जपानमध्ये घराचा पाया खणण्यापूर्वी जमिनीच्या देवतेची परवानगी मागण्याचा जो शिंतो विधी केला जातो, त्यास जिचिन्साई म्हणतात. 'निहोन शोकी' या प्राचीन इतिहासग्रंथात इ. स. 691 मध्ये नव्या राजधानीच्या जागेवर असा विधी झाल्याची नोंद असल्याने, "मुहूर्तबिहूर्त काही पाहिलात, की तसेच खणायला घेतलेत?" ही फोनवरील शंका निदान तेराशे वर्षे उशिरा आलेली आहे. प्रस्तुत पत्र तिच्या निरसनार्थ, तसेच कुळथाचे पीठ, सोलं आणि वाटेत चुरा झालेले खाजे यांची पोच देण्यासाठी लिहिले जात आहे.

मुहूर्ताविषयी प्रथम. येथील पंचांगात दिवसांच्या शुभाशुभाचे सहाचे चक्र असून त्यात 'ताइआन' हा सर्वांत शुभ मानतात. याखेरीज 'सानरिन्बो' नावाचा एक दिवस असतो, ज्या दिवशी बांधकामास हात घातल्यास शेजारची तीन घरे बुडतात अशी समजूत आहे. बापूकाकांचा गडगा याच दिवशी घातला गेला असावा असा येथील कुटुंबाचा तर्क आहे, कारण वरच्या वाडीतली नेमकी तीन घरे अद्याप एकमेकांशी बोलत नाहीत.

विधीसाठी प्लॉटवर चार कोपऱ्यांना चार हिरवे बांबू रोवून त्यांना शिमेनावा, म्हणजे गवताचा पवित्र दोर, बांधतात व त्यावर कागदाच्या नागमोडी पट्ट्या सोडतात. मधोमध साकाकी या सदाहरित झाडाची फांदी उभी करून तिच्यात देवतेला पाचारण केले जाते आणि पुढे तांदूळ, मीठ, पाणी, भाज्या, फळे, समुद्रशैवाल, साके ही तांदळाची दारू व 'ताइ' हा तांबोशीच्या वळणाचा अखंड मासा मांडतात. (वहिनींनी विचारण्यापूर्वीच खुलासा केलेला बरा: मासा देवापुढे कच्चाच ठेवतात, तळून नव्हे. बापूकाकांनी साकेच्या बाटलीचे माप विचारले होते, ते 1.8 लिटर आहे.)

त्यानंतर कान्नुशी, म्हणजे पुजारी, 'नोरितो' म्हणतो. नोरितो म्हणजे जुन्या भाषेतील लांबलचक विनवणी. तीत त्या भूमीचा मूळ धनी मानलेल्या ओतोकोनुशीला आणि त्या परिसराच्या देवाला उद्देशून प्लॉटचा पत्ता, मालकाचे नाव व ठेकेदाराचे नाव स्वच्छ सांगून काम निर्विघ्न पार पाडण्याची गळ घातली जाते, हे ऐकताना राखणदाराला घातलेले गाऱ्हाणे आठवल्याशिवाय राहत नाही. फरक इतकाच, की येथे प्रत्येक वाक्यानंतर मंडळी मान खाली घालून गप्प उभी असतात, आणि "व्हय म्हाराजा" हे शब्द घशापर्यंत येऊन तेथेच थांबवावे लागतात. ते थांबवणे वाटते तितके सोपे नाही.

पुढे वाळूच्या ढिगावर रोवलेले गवत वास्तुरचनाकाराने विळ्याने कापायचे, मालकाने कुदळीने व ठेकेदाराने फावड्याने ढीग उकरायचा, आणि तसे करताना "एइ, एइ, एइ" असे ओरडायचे, असा क्रम आहे. अखेरीस साकाकीची डहाळी वाहून दोनदा लवायचे, दोन टाळ्या वाजवायच्या व पुन्हा एकदा लवायचे. धाकटीने मात्र टाळ्या दोनवर न थांबवता थेट आरतीचा ठेका धरला. गणपतीला गावी येणे जमले नसल्याने तिची हौस राहून गेली होती, आणि कान्नुशींनी ती पुरी होईपर्यंत वाट पाहिली, हे नमूद करणे आवश्यक आहे.

(येथे पावसामुळे वाळत घातलेले कपडे आत आणण्यासाठी लेखनात खंड पडला.)

आता दक्षिणा. ती सामान्यतः वीस ते पन्नास हजार येन असते. तीस हजार धरले तरी सतरा-अठरा हजार रुपये होतात, ज्यात गावच्या गुरुजींनी वास्तुशांत करून वर सत्यनारायणही सांगितला असता. त्यातही पैसे हातात टेकवता येत नाहीत. नोटा कोऱ्या हव्यात, कोऱ्या नोटांसाठी बँकेच्या खिडकीशी जावे लागते, आणि ही खिडकी बहुधा दुपारी तीनलाच बंद होते. पुढे, 2024 मध्ये आलेल्या दहा हजारांच्या नोटेवरील शिबुसावा एइइची यांचा चेहरा पाकिटाच्या दर्शनी बाजूस यावा लागतो. पाकिटावरील लाल-पांढऱ्या दोरीची गाठ फुलपाखरासारखी, सुटणारी, हवी. कारण पुन्हापुन्हा घडावे अशा मंगलकार्यासाठी ती असते, तर लग्नासाठी न सुटणारी गाठ वेगळी. पस्तीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतलेल्या कुटुंबाने घरबांधणी पुन्हापुन्हा घडो अशी इच्छा का धरावी, याचा खुलासा पाकीट विकणाऱ्या दुकानदाराकडून होऊ शकला नाही.

"परक्या देवापुढे हात जोडलेले चालतात का?" या मातोश्रींच्या दुसऱ्या प्रश्नाचा निकाल मात्र खुद्द जपानच्या सर्वोच्च न्यायालयात लागलेला आहे. मिये प्रांतातील त्सू शहराने 1965 मध्ये व्यायामशाळेच्या जिचिन्साईवर 7,663 येन सरकारी पैशातून खर्च केले, त्यांपैकी 4,000 पुजाऱ्यांना. त्याविरुद्ध एका नगरसेवकाने दावा लावला, 1971 मध्ये नागोयाच्या उच्च न्यायालयाने हा खर्च घटनाबाह्य ठरवला, आणि 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा विरुद्ध पाच मतांनी तो निर्णय फिरवून, हा विधी प्रामुख्याने लौकिक रूढी असल्याचे म्हटले. बारा वर्षे चाललेला हा खटला ऐकून बापूकाकांना हसू येईल. त्यांच्या गडग्याला अजून मोजणीचीच तारीख मिळते आहे.

कार्यानंतर समोरच्या तीन व दोन बाजूंच्या दोन घरांना टॉवेल किंवा मिठाई देऊन आवाजाबद्दल आगाऊ माफी मागण्याची रीत येथे आहे. काकांनी तीही करून पाहण्यास हरकत नाही. मावशींचा गुडघा, गोठ्याचे पत्रे आणि मोजणीचे काय झाले, हे सविस्तर कळवावे. खाजे पुढच्या खेपेस पिशवीत नव्हे, डब्यात पाठवावे.

कळावे, लोभ असावा.