बिनमुळाची हरळी

आमच्या गडहिंग्लज तालुक्याचा साखर कारखाना ज्या गावात आहे, त्या गावाचं नाव हरळी. इथल्या शेतकऱ्याचा जन्म दोनच कामांत जातो : ऊस लावायचा आणि हरळी काढायची. ऊस कारखान्याला जातो, हरळी जागेवरच राहते. नांगरली तर एका मुळीच्या दहा होतात, जाळली तर पहिल्या वळवाला पुन्हा डोकं वर काढते. हट्टी माणसाला आपल्याकडे उगाच हरळीची मुळी म्हणत नाहीत.

अशाच घरातले आमचे एक पाहुणे. नोकरी पुण्यात, मळा इथं. नाव सांगत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पोहायला बोलवायचे नाहीत. त्यांनी मळ्यात बंगला बांधला, परसात स्विमिंग पूल केला आणि पुलाच्या चारी अंगांनी प्लॅस्टिकचं हिरवंगार गवत अंथरलं. ज्या रानातली हरळी काढता काढता आजोबांची कंबर वाकली, त्याच रानात नातवानं चौरस फुटाच्या दरानं हरळी विकत आणली. तीही बिनमुळाची!

त्यांची बाजूही ऐकू. ओल्या फरशीवर पाय सटकतो. खरं गवत लावलं तर चिखलाचे पाय पाण्यात येतात, कापलेली पाती फिल्टरमध्ये अडकतात, क्लोरिनचं पाणी सांडून कडेचं गवत पिवळं पडतं. सगळं पटलं. आम्ही विहिरीत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलो, तेव्हा मुटका मारण्याआधी पाय पुसल्याचं आठवत नाही. पण त्या विहिरीला फिल्टरही नव्हता.

मग काम सुरू झालं. आधी होतं ते गवत मुळासकट उकरलं. त्यावर मुरूम, त्यावर खडीची कच, वरून रोलर. खालून काही उगवू नये म्हणून कापड. पाणी पुलाकडं न येता बाहेर जावं म्हणून उतार. त्यावर गालिच्यासारखे रोल उलगडले, सगळी पाती एकाच दिशेला झुकतील असे. जोडाला टेप आणि गोंद, पात्यांत सिलिका वाळू, शेवटी ब्रश. गवत उगवू नये म्हणून एवढा बंदोबस्त आणि तो कशासाठी, तर गवत उगवल्यासारखं दिसावं म्हणून.

या गवताचा जन्मही असाच अडचणीतून झाला. अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ मध्ये छप्पर असलेलं प्रचंड स्टेडियम उघडलं. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या उजेडानं खेळाडूंचे डोळे दिपायला लागले, म्हणून तावदानं रंगवली. ऊन बंद झालं, गवत मेलं. १९६६ मध्ये तिथं प्लॅस्टिकचं गवत आलं आणि स्टेडियमच्या नावावरून त्याचं नाव पडलं अ‍ॅस्ट्रोटर्फ. थोडक्यात, जिथं ऊन पोचत नाही तिथली ही सोय. आमच्याकडं ऊन फुकट, पाऊस फुकट, हिरण्यकेशी दाराशी. तरी आम्हाला ती हवी.

या गवतानं आपल्याला एकदा पाडलंही आहे. १९७५ मध्ये खऱ्या गवतावर हॉकीचा विश्वचषक जिंकलेला भारत १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदानावर उतरला आणि सातवा आला. आता आमच्या फुटबॉलवेड्या गावातली पोरंही ‘टर्फवर जाऊया’ म्हणतात. गुडघे फोडून घेत मातीत खेळलेली पिढी कडेला उभी राहून तासाचं भाडं मोजते.

पाहुण्यांचं उद्घाटन एप्रिलमध्ये, भर दुपारी झालं. कडक उन्हात हे गवत साठ अंशांच्या पुढं तापतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. ते पाण्यातून ऐटीत बाहेर आले आणि तव्यावर पाणी शिंपडावं तसे तडतडत खुर्चीपर्यंत पोचले. आता दुपारी कुणी पोहायला उतरलं, की एक गडी पाइप घेऊन गवतावर पाणी मारत असतो. पाणी वाचतं म्हणून घेतलेल्या गवताला पाणी! तेही काही मिनिटांत वाळतं, की पुन्हा मारा.

गवताचा उपयोग विचाराल, तर दावं तोडून आलेल्या म्हशीनं ते एकदा हुंगलं आणि मान फिरवली. चतुर्थीला आणखी मजा. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजे हरळीच. चारी बाजूंना एवढी हिरवळ असून एकवीस दूर्वांसाठी वहिनी शेजाऱ्याच्या बांधावर गेल्या. शेजारी म्हणाला, ‘‘घ्या की, आमच्याकडं फुकट हाय.’’

पण अस्सल हरळीनं अपमान मनावर घेतला असावा. पावसाळा सरता सरता कापड, कच, मुरूम सगळ्यांतून वाट काढत ती जोडातून वर आली. चांगली वीतभर. प्लॅस्टिकपेक्षा थोडी फिकी, पण वाऱ्यावर हलणारी. पाहुणे खवळले. पुण्याहून फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी भांगलायला बायका आल्या. त्यांतली एक म्हातारी पुलाच्या कडेला बसली, खुरपं हातात घेतलं, इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग पदरानं कपाळ पुसत तिनं विचारलं,

‘‘मालक, ह्यातलं कंचं भांगलू?’’