फ्यूजआबा

पावसाळी मासेमारीबंदी उठायला आठवडा उरला, की मालवणच्या किनाऱ्यावर दोन कामांना ऊत येतो: जाळी विणायला आणि सल्ले द्यायला. जाळी तरी कुणी फुकट विणून देत नाही.

सल्ल्यांच्या या हंगामाचे मानकरी फ्यूजआबा. देवगडला, वेंगुर्ल्यालाही ते असतात, फक्त नाव बदलतं. वीज मंडळातून निवृत्त, आखूड चड्डी, खिशाला टेस्टर. 12 व्होल्टला हा टेस्टर पेटत नाही हे त्यांना ठाऊक आहे. तरीही तो खिशात असतो; पोलीसपाटलाची काठी तरी कुठे रोज कुणाच्या पाठीत बसते?

1 जूनपासून झाकून ठेवलेल्या होड्या उघडतात. पोरांनी जीपीएस घेतलेला असतो, मासे दाखवणारं यंत्र घेतलेलं असतं, शिवाय चौघांचे मोबाइल आणि गाण्यांचा स्पीकर. रात्रभर गाणी वाजली की पहाटे इंजिन नुसतं कण्हतं. मग कुणीतरी घरच्या इन्व्हर्टरची जुनी बॅटरी उचलून आणतो, आणि वाळूत तिची सावली पडायच्या आत आबा तिथे पोचलेले असतात.

“जुनी नि नवी एकत्र जोडतंस?” इथून सुरुवात. मग वजन. 100 अँपियर-अवरची बॅटरी पंचवीस-तीस किलोंची. ती उजव्या बाजूला ठेवलेली दिसली की आबा म्हणतात, “त्या बाजूक तुझो मेवणो बसता, आणि वर ही?” मेव्हणा ऐकत असतो.

बॅटरी मधोमध जाते. पण तळाशी, पाणी साचतं तिथे नाही. खारं पाणी आतल्या आम्लात शिरलं तर क्लोरीन सुटतो, हे आबा इतक्या प्रेमाने सांगतात की खलाशी आपसूक नाक धरतात. पेटी पट्ट्याने आवळली, की आबा ती दोन्ही हातांनी गदागदा हलवतात. जरा सरकली की पुन्हा पट्टा. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तो हलका, वर चढतो. म्हणून झाकणाला वर भोकं हवीत. हे समजावताना तांडेलाच्या तोंडातली विडी ते स्वतः काढून घेतात. ती पुढे कुठे जाते, ते विचारू नये.

मग अंगठ्या. पान्याने नट आवळताना बोटातली अंगठी दोन टोकांमध्ये अडकली तर क्षणात लाल होते. म्हणून सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी, आणि दोन्ही वेळा अंगठी खिशात. नुकतंच लग्न झालेला पोरगा कां कूं करतो. आबा बघतात. अंगठी निघते.

पण आबांचा खरा जीव फ्यूजमध्ये. तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभराच्या आत हवा, कारण तो यंत्राला नव्हे, वायरीला वाचवतो. इंजिनाची बॅटरी वेगळी, दिव्यांची वेगळी, मध्ये स्विच. पाणी उपसणाऱ्या पंपाची वायर मात्र थेट, तिच्याच स्वतंत्र फ्यूजमधून. बाकी सगळं बंद करून घरी गेलं तरी पंप जागा राहायला हवा. “इतका कित्याक?” कुणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं: “पेटल्यार पाणी रगड आसा. पळूक जमीन खंय आसा?”

यावर कुणाकडे उत्तर नसतं. त्यामुळेच आबा कुणाला आवडत नाहीत. गेल्या साली एकाने त्यांना चुकवून, शेजाऱ्याच्या सल्ल्याने, दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या. 24 व्होल्ट झाले. बल्ब असे उजळले की खलाशांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत काळोख.

आबा पैसे घेत नाहीत. हंगामातली पहिली होडी लागली, की पिशवी घेऊन जेट्टीवर उभे राहतात. ज्यांनी त्यांचं ऐकलेलं असतं ते चार बांगडे देतात. ज्यांनी ऐकलेलं नसतं ते सुरमई देतात, आणि बॅटरीवरची फळी उचलू नका एवढंच विनवतात. आबा सुरमई पिशवीत घालतात, पिशवीला गाठ मारतात, आणि फळी उचलतात.