जांबाची वाटेकरीण

आमच्या आणि काकूच्या सांदवाडीच्या मधात तुराट्यांचं कुंपण आहे. कमरेएवढं, आणि नेमकं त्यांच्या पाणी तापवायच्या चुलीपाशी मोडलेलं. नागभीडच्या निम्म्या बातम्या मला त्या मोडक्या जागेतून कळतात. परवा मी वालाच्या शेंगा तोडत होते, तर पलीकडून दबक्या आवाजात हाक आली.

"आयकलं का वो बाई? कोपऱ्यावरच्या गुरुजीच्या नातवानं खार मारली."

"काय सांगता! कशानं?"

"गुलेरनं. नागपूरहून सुट्टीत आला पोट्टा. पहिले छोटी रेल होती, तं अर्धा दिवस गाडीतच जाये त्याचा. आता यष्टीनं भुर्रकन येते, आन मंग दिवसभर करन काय?"

नागपूरची छोटी रेल 2019 मध्ये मोठ्या रुळांसाठी बंद झाली. तेव्हापासून गावात काहीही बिनसलं की काकू त्याचा दोष रेल्वेला देतात. भाजी महागली तरी.

"मारली तं मारली, शेपटीले धरून थेट आजीपाशी घेऊन गेला. म्हने, मोबाईलमधी पाह्यलं, अमेरिकेत लोक खार सोलून रस्सा करतात, तूही कर."

"काकू, तिकडची खार अर्ध्या किलोची असते. आपली भरली तर शंभर-सव्वाशे ग्रॅम. रश्शात शोधावी लागेल."

"तेच तं! मसाला तिच्यापेक्षा जास्त लागन." काकू तोंडाला पदर लावून हसल्या. "पन आजी लय हुशार. ओरडली नाई. म्हने, पहिले पट्टे मोज. पोट्ट्यानं मोजले तं पाच. मंग सांगतलं, बाबू, हे रामानं बोटं फिरवलेलं जनावर हाय. आन जांबाच्या झाडाखाली त्याच्याच हातानं गड्डा खोदाले लावला."

"पण गोष्टीत तर रामाची तीनच बोटं उमटली होती."

"रामाचा हात काय तीन बोटाचा होता का वो?"

याला उत्तर नव्हतं. तीन पट्ट्यांची खार वेगळी, पाच पट्ट्यांची वेगळी, हे मी पुस्तकात वाचलंय. पण काकूपुढे पुस्तक चालत नाही.

"तुमच्या घरी नोका सांगू," काकू आणखी पुढे वाकल्या. आमचे हे वनखात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले; त्यांना कळलं की पोलीसच येतील अशी काकूची समजूत. पोलीस येत नाहीत, कायदा मात्र येतो, आणि तो मी जेवताना पुष्कळदा ऐकलाय. तोच काकूला ऐकवला. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत पाच पट्ट्यांची खार आणि ससा एकाच यादीत होते. त्या यादीचं तेव्हाचं नाव होतं लहान शिकार. म्हणजे परवाना काढून मारता येईल असे प्राणी. 1991 मध्ये परवान्याची ती सोयच उठली. 2022 मध्ये अनुसूचींची फेरमांडणी झाली, पण मारायची मुभा काही परत आली नाही. गुलेर असो की बंदूक.

"ससा म्हनता?" काकू एकदम गप्प झाल्या. मग इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "सशाचं मले इचारा."

काकूचं माहेर तळोधीकडचं. गोष्ट त्यांच्या लहानपणची, म्हणजे कायद्याच्या आधीची. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की माणसं पायवाटेवर वाघूर लावून बसत. बाकीचे झुडपं बडवत हाका करत यायचे आणि ससा जाळ्यात. "घरी आला का माय मले हाका मारे. मांगचे पाय आडव्या काठीले बांधाचे, खुराजवर..." मग स्वतःच हसल्या, "सशाले खूर कुठचे! पंज्याजवर गोल कापाचं, आन लेकराचं झबलं उतरवते ना, तसं कातडं खाली वढाचं. पोट लवकर फाडाव लागे. पोटात समदा चारा. उशीर झाला का वास मुरे. आन पित्ताची थैली फुटू द्याची नाई. फुटली का समदं मटन कडू, आन मायची चापट वेगळी."

लावा-तितराची रीत निराळी. पिसं उपटायची, उरलेली लव तणसाच्या जाळावर भुंजायची, राख चोळून धुवायची. मग पळसाच्या पानांवर वाटे. जितकी घरं तितकी पानं, आणि जाळं ज्याचं त्याला एक पान जास्त. "वाटा लहान पडला मनून दोन घरं वर्षभर बोलले नाई एकमेकाशी," काकूनं हळूच सांगितलं. कोणती घरं, हे मी विचारलं नाही. त्यांनी तरीही सांगितलं.

"आता जातं का कोणी शिकारीला?" मी विचारलं.

"कोन जाते मराले? जंगलात वाघ बसला हाय."

ते खोटं नाही. ब्रह्मपुरी वनविभागात मोहफुलं वेचायला गेलेलं माणूस परत येईल की नाही याची धास्ती असते. घोडाझरीचं जंगल 2018 पासून अभयारण्य आहे. आणि वाघापेक्षाही वाईट म्हणजे डुकरासाठी शेतात सोडलेली विजेची तार. तिला डुक्कर, वाघ, शेजारी, कोणीच ओळखू येत नाही. या विषयावर काकू फार बोलल्या नाहीत. चुलीत तुराटी सारून थोडा वेळ धूर पाहत राहिल्या.

"पन हात इसरत नाई बाई," त्या मग म्हणाल्या. "पोराच्या सासरचे आले होते, तं गावरान कोंबडा मीच भुंजला. सून पाहतच राह्यली. पित्त अख्खं काढून हातावर ठेवलं तिच्या!"

तेवढ्यात त्यांच्याच जांबावरून एक खार उतरली, अर्धा कुरतडलेला जांब खाली टाकून. काकूनं खडा उचलला. मागच्या महिन्यात या खारीनं त्यांच्या गोधडीतला कापूस ओढून घरटं केलं होतं, ते दुःख ताजं होतं.

"काकू! पाच पट्टे."

त्यांनी खडा टाकला, पण खारीच्या दोन हात बाजूला.

"बरं, गुरुजीच्या नातवाची ती गुलेर कुठं गेली?" मी विचारलं. "आजीनं चुलीत घातली?"

"नाई वो." काकूनं पदराखालून काढून दाखवली. सायकलच्या ट्यूबचं रबर, बाभळीचं दुबेळकं, चांगली मजबूत. "आजीनं मलेच देली ठेवाले. माकडं येतात ना जांबावर. मारत नाई मी, नुसती दाखवतो."

"आणि माकडं घाबरतात?"

"माकडं नाई घाबरत. तुमचे साहेब घाबरले काल."